घडण आणि धैर्य : मराठी कथनांतील तरुण 'मी'

तरुण माणसाच्या घडणीची कथा वाचताना आपली समीक्षा एक क्रम गृहीत धरून चालते. आधी अनुभव, अनुभवातून आत्मभान, आत्मभानातून धैर्य आणि धैर्यातून परिवर्तन. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की एखाद्या कादंबरीत आत्मभान येऊनही परिवर्तन घडले नाही तर आपण तिला पराभवाची कादंबरी म्हणतो. आणि एखाद्या आत्मकथनात परिवर्तन घडलेले दिसले, की त्यामागे आत्मभान आधीपासून होतेच असे मानून त्याला जिद्दीची कहाणी ठरवतो. पदव्युत्तर वर्गांत 'कोसला' पुष्कळदा पहिल्या पद्धतीने शिकवली जाते आणि 'आयदान' दुसऱ्या. दोन्ही वाचनांच्या मुळाशी एकच समजूत आहे : धैर्य हे व्यक्तीच्या आतल्या वाढीचे फळ होय. प्रस्तुत लेखात ही समजूत काही मराठी संहितांवर घासून पाहायची आहे.

ही समजूत आपल्याकडे आली ती मुख्यतः युरोपीय कादंबरीच्या इतिहासाबरोबर. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५-९६) जिला जर्मन परंपरेत बिल्डुंग्सरोमान म्हणतात, आणि जिला मराठीत 'घडणीची कादंबरी' म्हणायला हरकत नाही, तिचा नायक घर सोडतो, चुकतो, शिकतो आणि शेवटी जगात आपली जागा शोधतो. पण या कादंबरीविषयी खुद्द जर्मन विचारपरंपरेत सुरुवातीपासूनच शंका होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. हेगेलने सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत अशा नायकांची थट्टाच केली आहे : जगाशी भांडायला निघालेला हा तरुण अखेरीस कोपरे घासून गुळगुळीत होतो, लग्न करतो, नोकरी धरतो आणि इतरांसारखाच एक संसारी गृहस्थ बनतो. फ्रँको मोरेत्तीने १९८७ च्या आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. त्याच्या मते तारुण्य हे आधुनिकतेचे प्रतीकरूप आहे. मात्र घडणीची कादंबरी या तारुण्याला आधुनिक समाजाशी तडजोड करायला शिकवते. म्हणजे ज्या साहित्यप्रकाराकडून आपण परिवर्तनाच्या धैर्याची अपेक्षा करतो, तो प्रकार त्याच्या मायभूमीत तडजोडीचा प्रकार मानला गेला आहे. बाख्तिनने तेवढा एक वेगळा कवडसा दिला. घडणीच्या कादंबरीवरील त्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित युद्धकाळात नष्ट झाले आणि हाती उरले ते तुकडे. पण त्या तुकड्यांतही त्याने अशा कादंबरीची शक्यता नोंदवली आहे, की जीत माणूस एकटा घडत नाही, जग घडत असताना त्याच्याबरोबर घडतो. व्यक्तीची वाढ आणि जगाचे बदलणे यांत आधी कोण आणि मागून कोण, हा प्रश्न तेथे उघडा राहतो. मराठी संहितांकडे वळण्यासाठी हा उघडा प्रश्न पुरेसा आहे.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!'पासून सुरुवात करणे अपरिहार्य आहे. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेली ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि घडणीच्या कथेला लागणारी सारी सामग्री तिच्यात आहे : माहेरचे कर्मठ वातावरण, लग्न, मुंबईतील स्वतंत्र बिऱ्हाड, सुधारक विचारांच्या नवऱ्याच्या सहवासात सुरू झालेले वाचन, मित्रमंडळींतील चर्चा ऐकता ऐकता जागे होणारे मन. यमूची बौद्धिक वाढ हरिभाऊंनी ज्या बारकाईने दाखवली आहे, तिला त्या काळात मराठीत जोड नाही. आणि मग नवरा जातो. यमू परत सासरी येते, शंकरमामंजींच्या सत्तेखाली तिचे केशवपन होते. तिला सारे कळत असते. कळण्यात कोठेही उणे नसते. घडण पूर्ण झालेली आहे आणि धैर्याला जागाच उरलेली नाही.

या ठिकाणी साहित्यकृतीबाहेरचे एक उदाहरण शेजारी ठेवण्याचा मोह आवरत नाही, आणि तो आवरू नयेही. यमूची कथा छापली जाऊ लागण्याच्या तीनच वर्षे आधी, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईला नवऱ्याकडे नांदायला जाण्याचा अथवा सहा महिन्यांची कैद भोगण्याचा पर्याय दिला होता, आणि तिने कैद पत्करीन असे सांगितले होते. तेव्हा ती बाविशी-तेविशीत होती. अकराव्या वर्षी लागलेले लग्न आपल्याला मान्य नाही असे म्हणणारी ही तरुणी पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाली. म्हणजे कादंबरी जे धैर्य आपल्या नायिकेला देऊ शकली नाही ते प्रत्यक्षात एका मराठी मुलीने आधीच दाखवले होते आणि ते साऱ्या वर्तमानपत्रांत गाजले होते. मग हरिभाऊंची कल्पनाशक्ती वास्तवाच्या मागे पडली असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. रखमाबाईच्या पाठीशी कोण होते ते पाहावे. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील प्रतिष्ठित वैद्यकीय व्यावसायिक होते. ती ज्या सुतार समाजातील होती तेथे विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. तिच्या आईचाच पुनर्विवाह झालेला होता. स्त्रीचे आयुष्य एका नवऱ्यापाशी संपत नाही हे तिने पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात पाहिले होते. यमूपाशी पुस्तके होती, पण असे घर नव्हते. भाऊ होता, तोही सत्ताहीन.

रखमाबाई शूर आणि यमू भित्री, असा या दोघींतला फरक नाही. धैर्याचा पुरवठा कोठून होतो, हा तो फरक आहे. हरिभाऊंना तो पुरता कळलेला असावा. कादंबरीचे शीर्षकच त्याची साक्ष देते. जे धैर्य नायिकेला पेलवणार नाही ते तो प्रश्न वाचकाच्या अंगावर टाकतो. मात्र कथनरूपाने त्यांना एक अडचण करून ठेवली होती. सारी हकीकत एका 'मी'च्या अंतर्मनातून सांगायची म्हटली की बाहेरचे जग त्या मनाला जेवढे जाणवते तेवढेच दिसते; धैर्याचा अभावही मग त्या मनाचाच अभाव वाटू लागतो. पुढे 'मी' या कादंबरीत हरिभाऊंनी भास्करचा भावानंद करून परिवर्तनाचे धैर्य नायकाला दिले खरे, पण त्यासाठी त्यांना त्याला संसारातून काढून जवळजवळ संन्यासी करावे लागले. घरात राहून धैर्य दाखवणारा तरुण त्यांच्या कादंबरीला सापडला नाही. ही उणीव एकट्या हरिभाऊंची नव्हे.

'मी'कडून 'कोसला'कडे (१९६३) येताना मध्ये सत्तर वर्षे गेलेली आहेत, आणि तरीही कथनरूपाची ती अडचण तशीच आहे. पांडुरंग सांगवीकराविषयी इतके लिहिले गेले आहे की नवे सांगण्याचा आव आणू नये. त्याचे परात्मपण, भाषेशी त्याचे खेळणे, भविष्यातल्या इतिहासकाराच्या सुरात केलेली वसतिगृहाची थट्टा, रोजनिशीच्या तुटक नोंदी, या सर्वांची चर्चा झालेली आहे. एका गोष्टीकडे मात्र कमी लक्ष गेले. पांडुरंग पुण्यात येतो तो आज ज्याला व्यक्तिमत्त्वविकास म्हणतात तो करण्याच्या इराद्यानेच. वादविवाद, संमेलन, मेसचा कारभार, मित्रांवर केलेला खर्च, चारचौघांत उठून दिसण्याची धडपड : पहिल्या वर्षाचा पांडुरंग हा कोणत्याही महाविद्यालयीन नियतकालिकाचा आदर्श विद्यार्थी शोभेल. नेमाड्यांनी ही धडपड उपहासाच्या कडेपर्यंत नेली आणि तेथून तिची हवा काढून घेतली. वाढीच्या कल्पनेवरच 'कोसला'ने संशय घेतला, आणि तो मराठीत प्रथमच इतक्या निर्दयपणे घेतला. या अर्थी 'कोसला' ही घडणीच्या कादंबरीची प्रतिकादंबरी आहे. तिला पराभवाची कादंबरी म्हणणारे ज्या स्पर्धेतला पराभव मोजतात, ती स्पर्धाच तिने मोडीत काढलेली आहे.

पण पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. पांडुरंग परत येतो, कोठे? सांगवीला. सांगवीत घर आहे, शेती आहे, गावात वजन असलेले वडील आहेत, ज्यांच्याशी त्याचे पटत नाही आणि ज्यांच्या पैशावर त्याचे पुण्यातील सारे प्रयोग चालले होते. नापास होण्याला किंमत पडते, आणि ती किंमत कोणीतरी मोजत असते. अस्तित्ववादाच्या परिभाषेत या कादंबरीची मीमांसा करणाऱ्यांनी पांडुरंगाच्या निरर्थकतेच्या जाणिवेचे जेवढे कौतुक केले, त्याच्या शतांशानेही या मनिऑर्डरींचे केले नाही. खुद्द कादंबरी मात्र हिशेब विसरत नाही. खर्चाची, उधारीची, घरून येणाऱ्या पैशाची नोंद तीत सतत होत राहते. मनीच्या मृत्यूनंतरचा भाग वाचताना तर असे वाटते, की देवीच्या साथीत गेलेल्या त्या लहान बहिणीपाशी पांडुरंगाला या घराविरुद्ध उठण्याचे खरे कारण सापडले होते. कारण सापडले, दुःखही अफाट सापडले, आणि तरी कृती सापडली नाही. दुःख आत वळले आणि तेथेच राहिले. यमूला परतण्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून ती परतली. पांडुरंगाला परतण्याची सोय होती म्हणून तो परतला. दोघांचे 'मी' सारखेच तल्लख, दोघांच्या कथा भूतकाळाकडे पाहून सांगितलेल्या, आणि दोघेही धैर्याच्या उंबरठ्यावर थांबलेले. सत्ताहीन विधवा आणि सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा यांची गत एकसारखी व्हावी, याचे उत्तर दोघांच्या स्वभावांत शोधून मिळणार नाही. एकट्या मनाला धैर्याचे उगमस्थान मानणाऱ्या कथनरूपाकडेच त्यासाठी पाहावे लागेल.

या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळातील 'श्यामची आई' ही या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक समीक्षेने भाबडे म्हणून बाजूला ठेवले. पण धैर्य एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते हे त्यात दिसते, आणि ते कोठे अडते तेही दिसते. मोळी उचलू न शकणाऱ्या अस्पृश्य म्हातारीला हात लावून मदत करायला आई श्यामला सांगते. आणि घरी आल्यावर आंघोळ कर असेही सांगते. या एका प्रसंगात सुधारणेचे एक अख्खे युग सामावलेले आहे. आईने दिलेले धैर्य मोळीपर्यंत पोहोचते, आणि तिनेच सांगितलेली आंघोळ ते अंगावरून उतरवते. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून याच लेखकाने उपोषण केले, तेव्हा त्या आंघोळीचा हिशेब त्यांनी आपल्या परीने चुकता केला असे म्हणता येईल. संहितेत मात्र ती म्हातारी मोळी डोक्यावर घेऊन निघून जाते, आणि तिला काय वाटले हे आपल्याला कळत नाही.

ते कळायला सत्तर वर्षे लागली. श्यामचे दापोली-पालगड ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील फणसवळे गावच्या उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात होते ती डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांपासून. श्यामच्या कथेत जी दिसली आणि दिसेनाशी झाली, ती येथे बोलते, थकते, शिव्या घालते, हसते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यावर मराठीतील 'संस्कार' या शब्दाला काय वजन आहे आणि कोणाच्या डोक्यावर आहे, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

'आयदान'मधला शाळेचा एक प्रसंग आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. वर्गापुढचे शेण काढण्याचे काम गुरुजी या मुलीला सांगतात. ती नाकारते तेव्हा मार खाते. मुलगी रडत घरी येते. पुढची कृती तिची नाही, आईची आहे. पदवीत आयदाने विणत बसलेली, नवऱ्यामागे मुलांना वाढवणारी, निरक्षर आई रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना अडवून जाब विचारते, आणि त्यानंतर ते काम मुलीच्या वाट्याला येत नाही. घडणीच्या कथेचा जो क्रम आपण आरंभी पाहिला तो येथे उलटा झाला आहे. मुलीला आत्मभान आले म्हणून तिने धैर्य दाखवले असे घडत नाही. आईने धैर्य दाखवले म्हणून मुलीला आत्मभान येण्याइतकी मोकळी जागा मिळते. आधी परिवर्तन, तेही एका शाळेच्या अंगणाएवढे, मागून 'मी'. आणि आईपाशी ते कोठून आले? शिक्षक असलेल्या वडिलांनी मरण्यापूर्वी धरलेला मुलांच्या शिक्षणाचा आग्रह तिने आपला मानला होता; वडिलांपाशी तो आंबेडकरी चळवळीच्या वातावरणातून आला होता. धैर्य येथे उसने मिळते, वारशाने मिळते, हातातून हातात जाते. लेखिकेने आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत जो संबंध पाहिला आहे त्याचा अर्थ या अंगानेही घ्यावा.

आगरकर-टिळकांच्या काळी 'आधी सामाजिक की आधी राजकीय' हा वाद गाजला. दलित आत्मकथनांनी त्याच धर्तीचा एक दुसरा वाद, कोणताही गाजावाजा न करता, निकालात काढला आहे असे मला वाटते : आधी व्यक्ती की आधी बदल. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (ग्रंथरूपाने १९८६, त्यापूर्वी 'स्त्री' मासिकातून) हा निकाल अधिक स्पष्ट आहे. या पुस्तकात 'मी' फार उशिरा येते. पानेच्या पाने वीरगावच्या महारवाड्याची आहेत : दारिद्र्य, भूक, अंगात येणे, लहान वयात सासरी आलेल्या सुनांचे हाल. मग बाबासाहेबांची हाक ऐकू येते, जेजुरीच्या सभेचा ठसा उमटतो, मुले शाळेत घालायची असे बायका ठरवतात. आणि मग कोठे फलटणच्या शाळेत सवर्ण मुलींच्या टोमण्यांना टोमण्यांनी आणि प्रसंगी हातांनी उत्तर देणारी निवेदिका पुढे येते. तीही एकटी नाही, तिच्यासारख्या चारदोन मुलींच्या घोळक्यात. या घोळक्यातून 'मी' वेगळी काढून तिची 'वाढ' सांगा म्हटले तर सांगता येणार नाही, आणि हे पुस्तकाचे वैगुण्य नाही. 'आम्ही' हा सूर मराठीत नवाही नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली छापला गेला तेव्हा तिने मांडले ते स्वतःचे दुःख नव्हे, आपल्या लोकांचे होते. हा 'आम्ही' पुढे सव्वाशे वर्षे मराठी कादंबरीच्या कानी पडलाच नाही.

भाषांतराने यात काय केले तेही पाहण्यासारखे आहे. दोन्ही पुस्तके माया पंडित यांनी इंग्रजीत नेली, आणि ती नेली म्हणूनच जगाला ठाऊक झाली. त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण शीर्षके बघा. 'जिणं आमुचं' हे इंग्रजीत 'द प्रिझन्स वी ब्रोक' झाले, आणि 'आयदान' हे 'द वीव्ह ऑफ माय लाइफ'. पहिल्यात मूळ शीर्षकात नसलेली तुरुंग फोडण्याची कृती आली. दुसऱ्यात बांबूच्या एका वस्तूच्या जागी 'माझे आयुष्य' आले. मराठी शीर्षकांना जगणे आणि वस्तू पुरेशी वाटली. इंग्रजी वाचकाला, किंवा त्याच्या प्रकाशकाला, धैर्य आणि व्यक्ती दोन्ही मुखपृष्ठावर हवी होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : कादंबरी आणि आत्मकथन या भिन्न गोष्टी आहेत, एकीतल्या नायकाला दुसरीतल्या निवेदकाच्या मापाने मोजू नये. याला माझे उत्तर असे, की यमू आणि पांडुरंग हेही आत्मकथनाचेच रूप घेऊन बोलतात. आपण तुलना करतो आहोत ती 'मी' उभा करण्याच्या दोन रीतींची. शिवाय आत्मकथनांतही सर्वत्र ऐक्य नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) तर 'मी'चे दोन तुकडे करूनच सुरुवात केली. शिकलेला, पांढरपेशा झालेला दया आणि धामणगावच्या महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात, आणि एक दुसऱ्याला आपली हकीकत सांगतो. वाढ झाली आहे यात शंका नाही. पण वाढलेला माणूस न वाढलेल्याला ओळख देईल की नाही याची खात्री उरलेली नाही. पांडुरंगाला सांगवी होती. दगडूला परतायला धामणगाव उरत नाही आणि दयाला मुंबई आपली वाटत नाही. परिवर्तनाच्या धैर्याचे गोडवे गाणारे वाचन या चौकटीपाशी अडखळते, कारण येथे परिवर्तनाची किंमत यशस्वी झालेला माणूसच स्वतःला मोजून देत आहे, आणि त्यात लाजेचा वाटा मोठा आहे.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) ही किंमत दुसऱ्याच दिशेने वसूल होते. कैकाडी समाजातील, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत हिंडणारा बाप मुलाला शाळेत घालण्याचा हट्ट धरतो. शाळा बदलतात, मुक्काम बदलतात, हट्ट बदलत नाही. येथेही पहिले धैर्य तरुणाचे नाही, बापाचे आहे. पुढे हाच मुलगा शिकून मराठा समाजातील मुलीशी लग्न करतो, तेव्हा त्या लग्नाची झळ ज्यांना बसते त्यांत जातपंचायतीच्या तडाख्यात सापडणारे आईबाप आहेत. बापाने मुलाला धैर्य दिले. मुलाने ते वापरले, आणि त्याचे बिल बापाकडे आले. 'उपरा'च्या उत्तरार्धात निवेदकाच्या सुरात जी अस्वस्थता आहे ती आंतरजातीय विवाहाच्या संघर्षाची म्हणून वाचली जाते. तिच्यात परतफेड न करता आलेल्या उसनवारीची बोच अधिक आहे, असे मला वाटते. व्यक्तिविकासाच्या भाषेत या बोचीला नावच नाही. त्या भाषेत माणूस स्वतःच्या बळावर वर येतो, आणि वर आल्यावर खाली कोण राहिले याचा हिशेब देण्याचे त्याच्यावर बंधन नसते.

वर्गात ही पुस्तके 'प्रेरणादायी' म्हणून वाचली जातात तेव्हा नेमके हेच निसटते. विद्यार्थी, विशेषतः पहिल्या पिढीचा विद्यार्थी, त्यातून असा निष्कर्ष काढतो की या लेखकांपाशी जी जिद्द होती ती आपल्यापाशी नसेल तर दोष आपला. पुस्तके मात्र पानोपानी सांगत असतात की जिद्द कोणीतरी आणून दिली होती : आईने, बापाने, एका सभेने, १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात एकाच वेळी धर्म बदलणाऱ्या लाखो माणसांनी. धैर्याचा हा पुरवठा ज्या संस्था आणि चळवळी करत होत्या त्या आज कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न मग वर्गात उद्भवतच नाही. प्रेरणेची भाषा त्या प्रश्नाला दारातूनच परत पाठवते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त (२००४) आणीबाणीच्या वर्षातली नववीची मुले आहेत, आणि कादंबरी त्यांच्या कोवळ्या मनाचे चित्र अत्यंत लोभस रेखाटते. पण बाहेरची आणीबाणी त्या मनांना धैर्य देतही नाही आणि मागतही नाही. वाचकाला हे खटकत नाही, यातच आपल्या वाचनसवयींचा पुरावा आहे.

एवढे म्हटल्यावर 'आम्ही'चेही उदात्तीकरण टाळले पाहिजे. सामूहिक धैर्य सगळीकडे सारखे पोहोचत नाही. उर्मिला पवार नोकरी, संसार आणि मुले सांभाळून एम.ए.चा अभ्यास करू लागल्या, तेव्हा त्याच चळवळीच्या वातावरणात वाढलेल्या नवऱ्याचा विरोध त्यांना सोसावा लागला. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास, 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९), सिद्ध केला, तेव्हा त्या शीर्षकातल्या 'ही'मध्ये गावकुसाबाहेरची तक्रार जेवढी आहे तेवढीच घरातलीही आहे. घरातल्या सत्तेविरुद्ध लागणारे धैर्य कोणी उसने दिले, हे 'आयदान'मध्ये शोधू गेल्यास उत्तर सरळ मिळत नाही. कधी मैत्रिणी, कधी लिहिणे, कधी कोणीच नाही.

बेबी कांबळे यांनी तर शाळेत हात उगारला, फलटणमध्ये दुकान चालवले, पुढे आश्रमशाळा उभारली. आणि 'जिणं आमुचं'चे कागद सुमारे वीस वर्षे नवऱ्याच्या नजरेपासून लपवून ठेवले. हे त्यांनी पुस्तकात लिहिलेले नाही. पुढे भाषांतरकर्तीला दिलेल्या मुलाखतीत सांगितले.